डोंगल कुणाच्या हातात? नगरपरिषदांच्या मुख्याधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व नगरपरिषदा व नगरपंचायतींचे मुख्याधिकारी, नगर अभियंते आणि लेखापाल यांस

विषय : ई-निविदेची सर्व कामे ज्याची त्याने, स्वतःच्या डोंगलने आणि शेवटच्या टप्प्यापर्यंत पोर्टलवरच करण्याबाबत

महोदय, महोदया,

आपल्या कार्यालयाची ई-निविदेची डोंगल, म्हणजे अधिकाऱ्याची डिजिटल सही ज्यात असते ती यूएसबी उपकरणे (टोकन), आत्ता कुठे आहेत, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. डोंगलवर नाव आपले असते. ते पडलेले असते मात्र अनेक ठिकाणी संगणक चालकाच्या ड्रॉवरमध्ये, रबरबँडने बांधलेल्या चार-पाच डोंगलांच्या जुडग्यात. पिन त्याच डोंगलला चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर बॉलपेनने लिहिलेला असतो. चालक एजन्सीमार्फत कंत्राटावर आलेला असतो. सकाळी तो निविदा तयार करणारा म्हणून लॉग इन करतो, दुपारी प्रसिद्ध करणारा म्हणून, आणि मुदत संपली की उघडणारे दोन्ही अधिकारीही तोच असतो. प्रणालीने जी कामे वेगवेगळ्या माणसांत वाटली, ती कार्यालयाने पुन्हा एका खुर्चीवर आणून ठेवली.

यात त्या चालकाचा दोष नाही. त्याला कुणीतरी 'हे तूच कर' म्हणून सांगितलेले असते. दोष आहे ई-निविदेकडे टंकलेखनाचे काम म्हणून बघण्याचा.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधले कलम ४२ सांगते की डिजिटल सहीची खाजगी चावी स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याच्या नावाने प्रमाणपत्र आहे त्यानेच घ्यायची, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्याचे कळताच प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचे. त्याच कायद्याच्या कलम ६६ क (66C) प्रमाणे दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड असलेला गुन्हा आहे. उद्या एखाद्या निविदेची चौकशी लागली, तर 'त्या दिवशी मी मंत्रालयात बैठकीला होतो' हे उत्तर आपल्याला वाचवत नाही. उलट आपण बैठकीत असताना आपली सही नगरपरिषदेच्या संगणकावर कशी झाली, हाच पुढचा प्रश्न येतो.

म्हणून पहिली मागणी साधी आहे. डोंगलची एक नोंदवही करा. तिच्यात अधिकाऱ्याचे नाव व पदनाम, टोकनचा अनुक्रमांक, सहीच्या आणि एन्क्रिप्शनच्या (निविदा कुलूपबंद करण्याच्या) प्रमाणपत्रांच्या मुदतीच्या तारखा, पोर्टलवर कोणती भूमिका दिली आहे, आणि ताबा घेतल्याची सही एवढे असले की पुरे. बदली झाली की कार्यमुक्तीच्या आदेशाबरोबरच पोर्टलवरची भूमिका काढून घ्या. तसेच नगरपरिषदेच्या नावाचे प्रमाणपत्र असेल तर ते रद्द करण्याचा अर्जही त्याच दिवशी जाऊ द्या. मात्र त्या अधिकाऱ्याच्या चावीने उघडायची एखादी निविदा अजून शिल्लक नाही ना, हे आधी बघा. ते का, हे पुढे लिहिले आहे.

एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या ज्या प्रणालीवर महाटेंडर्स हे महाराष्ट्राचे ई-निविदा पोर्टल चालते, तिच्यात निविदा तयार करणारा, प्रसिद्ध करणारा, उघडणारे, मूल्यमापन करणारे आणि लेखापरीक्षक अशा वेगवेगळ्या भूमिका आहेत. तयार करणारा आणि प्रसिद्ध करणारा एकच माणूस नसावा. लहान नगरपंचायतीत माणसे कमी असतात हे आम्हाला माहीत आहे. तरीही कनिष्ठ अभियंत्याने तयार करावी, लेखापालाने तारखा आणि रकमा तपासून प्रसिद्ध करावी, एवढी विभागणी पाच-सहा कर्मचाऱ्यांच्या कार्यालयातही जमते.

आता उघडण्याविषयी. सर्वांत महाग चुका इथेच होतात, आणि त्या का होतात ते पुष्कळांना नीट सांगितले गेलेले नसते.

निविदाधारक जेव्हा आपली निविदा भरतो तेव्हा ती उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रांतील सार्वजनिक चावीने कुलूपबंद होते. ते कुलूप उघडणारी दुसरी चावी फक्त त्या अधिकाऱ्यांच्या टोकनमध्ये असते. ती पोर्टलकडे नसते, एनआयसीच्या जिल्हा कार्यालयाकडेही नसते. मुदतीआधी दर कुणालाही न दिसण्याची हमी याच रचनेतून मिळते. पण म्हणूनच टोकन हरवले, तर आलेल्या निविदा कुणालाच वाचता येत नाहीत. अधिकारी पिन विसरतो, चार-दोन वेळा अंदाजाने टाकून बघतो, टोकन लॉक होते. मग डोंगल विकणाऱ्याचा माणूस येतो आणि 'फॉरमॅट करून देतो साहेब' म्हणतो. फॉरमॅट केले की आतली चावी नष्ट होते. त्याच नावाने नवे प्रमाणपत्र आणले तरी चावी नवी असते, जुने कुलूप तिला लागत नाही. मग निविदा रद्द, फेरनिविदा, आणि पाणीपुरवठ्याची मोटार बदलण्याचे काम ऐन उन्हाळ्यात महिनाभर पुढे.

यावर उपाय प्रणालीतच आहे. निविदा तयार करताना उघडणाऱ्यांची दोनच नावे देऊ नका. चार नावे द्या आणि 'चारपैकी कोणतेही दोन' हा पर्याय निवडा. एकाची बदली झाली आणि दुसऱ्याचे टोकन बिघडले तरी उरलेले दोघे उघडू शकतात. चौघांच्याही एन्क्रिप्शन प्रमाणपत्राची मुदत उघडण्याच्या तारखेच्या पुढे किमान तीन महिने असावी, कारण मुदतवाढीची शुद्धिपत्रके निघत राहतात आणि तारीख सरकत जाते. एकदा निविदा भरल्या जाऊ लागल्या की उघडणाऱ्याचे नाव बदलून उपयोग नाही, त्या आधीच जुन्या चावीने बंद झालेल्या असतात. म्हणून नावे ठरवताना येत्या दोन महिन्यांत कुणाची बदली होण्यासारखी आहे, हा विचार त्याच टेबलावर व्हायला हवा. आणि उघडण्याच्या आदल्या दिवशी ज्या संगणकावर उघडायचे त्याच संगणकावर दोन्ही टोकन लावून लॉग इन करून बघा. विंडोज नव्याने टाकले की टोकनचा ड्रायव्हर जातो, जावाची आवृत्ती बदलते, आणि हे सगळे अकरा वाजता, निविदाधारक ऑनलाइन वाट बघत असताना लक्षात येते.

यापुढचा मुद्दा आम्हाला सर्वांत जास्त खुपतो.

दर कुलूपबंद ठेवून भागत नाही, निविदा कोणी भरली हेही मुदतीआधी कळता कामा नये. रिंग, म्हणजे ठेकेदारांचे आपसातले संगनमत, करायला दर माहीत असावा लागत नाही, नावे पुरतात. नावे कळली की फोन जातात, 'या खेपेला राहू द्या' होते, सपोर्टला दोन नावापुरत्या निविदा पडतात आणि तीन आल्या म्हणून कागद पूर्ण होतो. आणि नावे फोडण्याचे काम आपल्याच निविदा सूचनेतील अटी करत असतात. 'ऑनलाइन सादर केलेल्या कागदपत्रांचा संच अंतिम मुदतीपूर्वी बांधकाम विभागात जमा करावा', ही त्यातली पहिली अट. आवक-जावक नोंदवहीत नाव, वेळ, सही. त्या टेबलाजवळ दिवसभर कोण उभे असते हे आपल्याला माहीत आहे. दुसरी अट, 'कामाच्या जागेची पाहणी केल्याचा नगर अभियंत्याचा दाखला जोडावा'. दाखला मागायला आलेला प्रत्येक माणूस म्हणजे एक उघड झालेले नाव, आणि दाखला देणे-न देणे ही एका माणसाच्या हातातली गाळणी. तिसरी, बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) कार्यालयात जमा करण्याची.

या तिन्ही अटी काढून टाका. मूळ कागदपत्रे तपासायची ती वित्तीय (दरांचा) लिफाफा उघडल्यावर फक्त सर्वांत कमी दराच्या निविदाधारकाची तपासा, त्यासाठी त्याला तीन-चार दिवस द्या. जागेच्या पाहणीऐवजी कामाच्या जागेचे अक्षांश-रेखांश, सध्याच्या स्थितीची आठ-दहा छायाचित्रे आणि नकाशा निविदेसोबतच अपलोड करा, आणि 'जागा पाहिली आहे, परिस्थितीची पूर्ण कल्पना आहे' असे निविदाधारकाचे स्वतःचे घोषणापत्र घ्या. बयाणा रक्कम आणि निविदा शुल्क पोर्टलवरूनच घ्या.

याच ओघात अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे सांगतो. अंदाजपत्रकापेक्षा फार कमी दर भरणाऱ्याकडून ती घेतली जाते आणि दर जितका कमी तितकी ती वाढते. तिच्या धनाकर्षाची प्रत लिफाफा क्रमांक १ (तांत्रिक) मध्ये मागवली, तर रकमेवरून उलटा हिशेब करून दर किती टक्के कमी आहे हे तांत्रिक छाननीतच कळते. ती लिफाफा क्रमांक २ (वित्तीय) मध्येच असली पाहिजे.

आता बीओक्यू, म्हणजे कामाच्या बाबी, परिमाणे आणि दर यांचा तक्ता. ही एक्सेलची फाइल पोर्टलच्या साच्यातूनच घ्यायची असते. निविदाधारकाने तिचे नाव बदलायचे नसते, आणि त्याच्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या रंगीत चौकटींशिवाय कुठेही हात लावायचा नसतो. हे सूचनेत मराठीत, ठळक लिहा. मोबाइलवर किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून जतन केलेली फाइल नाकारली जाते, आणि लहान ठेकेदार नेमके हेच करतात.

पण मोठ्या चुका आपल्या बाजूच्या असतात. एक नमुना बघा. अंदाजपत्रकात ११० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप १,२०० मीटर आहे. पाइप सहा मीटरचा येतो, म्हणजे २०० नग. बीओक्यू भरणाऱ्याने परिमाण १,२०० ठेवले आणि एककाच्या रकान्यात 'नग' लिहिले. समजा एकाने एका पाइपचा दर १,८०० रुपये भरला, तर या एका बाबीची रक्कम ३ लाख ६० हजारांऐवजी २१ लाख ६० हजार होते. दुसऱ्याने अंदाजपत्रक वाचून मीटरचा ३०० रुपये दर भरला, त्याची ३ लाख ६० हजारच राहिली. दोघांचा भाव खरे तर एकच आहे. तुलनात्मक तक्त्यात मात्र पहिला बाहेर फेकला गेला, आणि तो तक्ता प्रणालीने आपोआप केलेला असल्याने कुणाला शंकाही येत नाही.

बी-१ निविदेत, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त एवढेच भरायचे असते तिथे, अधिक-उणे हा घोटाळा होतो. ४८ लाखांच्या कामाला १२ टक्के कमी भरायचे तर ४२ लाख २४ हजार होतात. यादीतून 'कमी'ऐवजी 'जास्त' निवडले गेले तर ५३ लाख ७६ हजार. ही चूक निविदाधारकाची असली तरी एक चांगला दर नगरपरिषदेने गमावलेला असतो. म्हणून प्रसिद्ध करण्याआधी लेखापालाने स्वतः ती बीओक्यू खोटे दर टाकून एकदा भरून बघावी. एकक, परिमाण, बेरीज, अक्षरी रक्कम, जीएसटी आत की बाहेर, सगळे त्या एका सरावात दिसते. पाऊण तासाचे काम आहे. चूक निघाली आणि बीओक्यूचे शुद्धिपत्रक काढावे लागले, तर आधी भरलेल्यांना नव्या फाइलवर पुन्हा भरावे लागते हे लक्षात घेऊन मुदतही वाढवा. नुसतीच फाइल बदलून जुनी तारीख ठेवली की तक्रारी ठरलेल्या.

तारखांबाबत थोडक्यात. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास सुरू आहे, तरी पोर्टलच्या चलनाचा बँकेत मेळ लागायला वेळ जातो. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ या पट्ट्यात अंतिम मुदत ठेवू नका. चलनाने पैसे भरणाऱ्यांनी किमान दोन कामाचे दिवस आधी भरावेत, असे सूचनेत लिहा. वेळ सर्व्हरच्या घड्याळाची धरली जाते, आणि शेवटी 'फ्रीझ' करून पक्की केल्याशिवाय निविदा दाखल झाली असे होत नाही. नवख्या निविदाधारकांच्या निविदा इथेच अडकतात. कागद १०० डीपीआयला कृष्णधवल स्कॅन करण्याची सूचना पोर्टलवर आहे ती याचसाठी: रंगीत, जड फाइली शेवटच्या अर्ध्या तासात चढत नाहीत.

उघडल्यानंतर काय होते ते बघू. तांत्रिक लिफाफा उघडला, छाननी झाली, टिपणी नस्तीवर गेली, दर मंजूर झाले, कार्यारंभ आदेशही निघाला. पोर्टलवर मात्र निविदा अजून 'तांत्रिक मूल्यमापन' या टप्प्यावर आहे, किंवा वित्तीय लिफाफा उघडून पुढे काहीच भरलेले नाही. ज्यांना काम मिळाले नाही त्यांची बयाणा रक्कम इथेच अडकते. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत पाठवण्याची सोय प्रणालीत आहे, पण अपात्र कोण, पात्र कोण आणि काम कोणाला दिले हे पोर्टलवर नोंदवल्याशिवाय परतावा पुढे सरकत नाही. एखाद्या लहान ठेकेदाराचे चार नगरपरिषदांत मिळून तीन लाख रुपये असे वर्षभर अडकले, की पाचव्या निविदेला भरायला त्याच्याकडे पैसेच उरत नाहीत. मग 'आमच्याकडे स्पर्धाच होत नाही' म्हणून आपण हळहळतो.

अपात्र ठरवण्याचे कारण लिहिताना 'कागदपत्रे अपूर्ण' एवढ्यावर थांबू नका. कोणत्या अटीचा क्रमांक, कोणता कागद, त्यात काय कमी, हे एका ओळीत लिहा आणि समितीच्या सहीचे इतिवृत्त अपलोड करा. वित्तीय लिफाफा उघडण्याआधी आक्षेपाला दोन दिवस द्या. कारण नीट लिहिलेले असेल तर बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. निविदा कोणत्या आयपी पत्त्यावरून भरली गेली याची नोंदही सर्व्हरवर राहते. तीन निविदा एकाच पत्त्यावरून, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने आल्या असतील, तर छाननी समितीने तसे इतिवृत्तात नोंदवून खुलासा मागवावा. एवढ्यावरून रिंग सिद्ध होत नाही, गावातल्या एकाच सायबर कॅफेतूनही तिघे भरू शकतात. पण विचारले जाते, एवढे कळले तरी फरक पडतो.

संगणकावर झाले म्हणजे सुरक्षित झाले, असे धरून चालू नये. मध्य प्रदेशात २०१८ मध्ये जल निगमाच्या ई-निविदांत फेरफार झाल्याचे उघड झाले आणि त्या निविदा रद्द कराव्या लागल्या. दर बदलून ठरावीक कंपन्यांना सर्वांत कमी दराच्या ठरवल्याच्या आरोपावरून २०१९ मध्ये तिथल्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. आपण सर्व्हर सांभाळत नाही. पण उघडणारे अधिकारी स्वतः पडद्यासमोर असणे, डिजिटल सहीची पडताळणी प्रत्येक फाइलवर बघणे, आणि उघडलेल्या दरांचा तक्ता त्याच क्षणी छापून दोघांनी सह्या करणे, हे आपल्या हातातले आहे.

कामाचे तुकडे पाडण्याविषयीही बोलले पाहिजे. राज्यात २०१४ मध्ये ई-निविदा सक्तीची होण्याची मर्यादा ३ लाख झाली तेव्हा २ लाख ९९ हजारांची अंदाजपत्रके आली. २०२१ मध्ये कामांसाठी ती १० लाख झाल्यावर ९ लाख ९९ हजारांची येऊ लागली. एकाच रस्त्याची गटार 'चौक ते शाळा' आणि 'शाळा ते मंदिर' अशी दोन कामे होते. तांत्रिक मान्यता देतानाच हे थांबवता येते. एकाच प्रभागातील, एकाच लेखाशीर्षातील, एकाच आर्थिक वर्षातील सारख्या कामांची यादी अभियंत्याने मान्यतेच्या प्रस्तावासोबत जोडावी. यादी समोर असली की तुकडे आपोआप दिसतात.

जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरील खरेदीबद्दल एकच मुद्दा. तिथे खरेदी करणारा, माल स्वीकारणारा आणि पैसे देणारा अशी वेगवेगळी लॉग इन आहेत. अडते ते माल स्वीकारणाऱ्याकडे. माल आल्यावर दहा दिवसांत स्वीकृती प्रमाणपत्र आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे, अशी तिथली चौकट आहे. भांडारपालाला लॉग इनच दिलेले नसेल, तर प्रमाणपत्र महिनोन्महिने निघत नाही. उशिरा पैसे देणाऱ्या कार्यालयाला पुरवठादार पुढच्या वेळी दर चढवून देतात, किंवा भरतच नाहीत. भांडारपालाचे लॉग इन त्याच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर करून द्या आणि पथदिव्यांचे खोके उघडून मोजणी झाली की त्याच दिवशी नोंद करायला सांगा.

शेवटची विनंती येत्या सोमवारची आहे. पोर्टलवर 'निविदा स्थिती' मध्ये आपल्या नगरपरिषदेचे नाव टाका. हे पान कुणालाही, लॉग इन न करता, बघता येते. कार्यारंभ आदेश निघूनही तांत्रिक किंवा वित्तीय टप्प्यावर थांबलेल्या निविदा मोजा, सर्वांत जुनी वर घ्या. लेखापालाकडून प्रत्येकीची अडकलेली बयाणा रक्कम समोर लिहून घ्या, आणि ज्यांच्या नावाचे डोंगल आहे त्यांनीच बसून रोज पाच पूर्ण करा.

आपले,
निविदा, लेखा आणि संगणक विभागांत रोज हेच काम करणारे आम्ही